वुल्फनाथाचे इन्स्पेक्टर

माझ्या टेबलासमोर सहा वर्षं एक गृहस्थ बसत. दिवसा ते पाइप नापास करत आणि संध्याकाळी राजे. पाइप तेलकंपन्यांचे असत, राजे इंग्लंडचे, तेही हजार वर्षांपूर्वीचे. दोघांकडेही ते सारख्याच संशयाने बघत.

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं वर्कशॉप आहे. तिथे पाइप कापतात, जोडतात, वेल्डिंग करतात, आणि शेवटी इन्स्पेक्टर येऊन त्यात खोड काढतो. हे आमचे इन्स्पेक्टर. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागद सांभाळणारी. कोणता पाइप कोणत्या कारखान्यातून आला, कोणी जोडला, कोणी तपासला याचे कागद फायलीला लावायचे आणि कोणी मागितले की अर्ध्या मिनिटात काढून द्यायचे, एवढं माझं काम.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. ओळखपत्राच्या दोरीलाच त्यांचं सोनाराचं भिंग लटकत असे. ते डोळ्याला लावून त्यांनी माझं नेमणुकीचं पत्र वाचलं, उलटून कोरी बाजूही बघितली, आणि विचारलं, "सासर कुठलं?"

"तासगाव."

"मग तसं सांग की. आमची सूनबाई झालीस तू." पत्र परत देताना म्हणाले, "माहेर नाशिक दिसतंय. हरकत न्हाई. फक्त द्राक्षाचा विषय माझ्यापुढं काढायचा न्हाई."

तेव्हापासून मी सूनबाई आणि ते काका. मी काका म्हणते हे ऐकून रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीने एका मोठ्या क्लायंटला 'मिस्टर काका तपासणीला येतील' असं कळवलं, आणि मग त्याच नावाने पत्रं यायला लागली. काकांनी ती नाकारली नाहीत. प्रत्येकावर 'नाव अपूर्ण' असा शेरा मारून फायलीला लावायला माझ्याकडे दिली. ती फाइल अजून आहे.

नावावाचून त्यांचं पान हलत नसे. एकदा शुक्रवारी आम्ही दोन घरं मिळून अल रुवैसला मासळी आणायला गेलो होतो. काका तासगावचे, माशातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण भिंग होतं. त्यांनी एका हामूर माशाच्या डोळ्यात भिंगातून इतका वेळ बघितलं की विकणारा मल्याळी अस्वस्थ झाला.

"ताजा है साब," तो म्हणाला.

"वो ठीक है. पकडा किसने?"

त्याने धक्क्यावरच्या एका नावेकडे बोट दाखवलं. काका भर उन्हात तिथपर्यंत चालत गेले, जाळं शिवत बसलेल्या माणसाला नाव विचारलं, गाव विचारलं, दोन्ही वहीत लिहून घेतलं आणि मगच मासा घेतला. गाडीत माझी मुलगी म्हणाली, "आई, व्हाय इज ही लाइक धिस?" काकांना तेवढं इंग्रजी कळत होतं. म्हणाले, "बाळ, उद्या काटा लागला तर कुणाला विचारायचं?"

हा नाण्यांचा नाद त्यांना एका इंग्रजाने लावला. तो क्लायंटचा इन्स्पेक्टर होता आणि तीन वर्षं दोघे एकेका वेल्डवरून भांडले. मायदेशी परत जाताना त्याने काकांच्या टेबलावर एक प्लॅस्टिकची छोटी पिशवी ठेवली, सोबत दुकानाची पावती. 'मला आवडलेली प्रत्येक गोष्ट तू नापास केलीस, आता ही बघ,' असं काहीसं म्हणाला म्हणे. पिशवीत चांदीचं एक नाणं होतं. आपल्या जुन्या चार आण्याएवढं, पापडासारखं पातळ. पुढच्या बाजूला एथेलरेड नावाचा राजा, केस ताठ उभे राहिलेला. मागे एक मोठी फुली आणि तिच्याभोवती गोल अक्षरं.

ती अक्षरं म्हणजे ज्याने नाणं पाडलं त्या टाकसाळ्याचं नाव आणि त्याचं गाव. हे कळलं तेव्हा काका दोन दिवस डोळ्याचं भिंग काढेनात. आमच्या धंद्यात प्रत्येक फ्लँजवर, म्हणजे पाइप जोडायच्या लोखंडी कड्यावर, एक नंबर ठोकलेला असतो आणि त्यावरून तो कोणत्या भट्टीतून निघाला ते शोधता येतं. नंबर नसेल तर माल कितीही चकचकीत असो, परत जातो. काकांचा समज होता की ही अक्कल माणसाला अलीकडेच आली.

"सूनबाई, हे मटेरियल सर्टिफिकेट हाय," ते मला नाणं दाखवत म्हणाले. "मालावरच ठोकलंय. हजार वर्षांमागं. राजाचं मला काय नवल न्हाई, त्याचं तोंड सगळ्याच नाण्यावर हाय. मागचा माणूस बघ."

मी मागचा माणूस बघितला. मला तो कोंबडीने पाय उमटवल्यासारखा दिसला, पण तसं मी म्हटलं नाही.

पुढे त्यांनी त्या काळातलं सगळं आमच्या धंद्याला जोडून घेतलं. दर काही वर्षांनी तिथले राजे जुनं नाणं परत घेऊन, वितळवून, नव्या छापाचं पाडायचे, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. काकांच्या भाषेत ते कॅलिब्रेशन, मापाचं साधन ठराविक मुदतीने तपासून घेतात तसं. खोटं नाणं पाडणाऱ्या टाकसाळ्याचा हात तोडून टाकसाळीवरच लटकवायचा असा एका जुन्या राजाचा कायदा होता. तो त्यांना फार आवडला. वेल्डमध्ये भोक सापडलं की आमच्या तमिळ वेल्डरला जवळ बोलवून शांतपणे सांगायचे, "उस जमाने में हाथ काटके वर्कशॉप के दरवाजे पे लगाते थे. मैं तो सिर्फ रिपेअर बोल रहा हूँ."

"खलास सर, करता है," वेल्डर म्हणायचा. त्याने ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की नव्या पोरांना तोच सांगायचा, आणि त्याच्या तोंडी हाताचे दोन हात झाले होते.

काकांकडे खरी नाणी फक्त नऊ. इंग्लंडमधल्या दुकानातून एकेक करून आणलेली, प्रत्येकाची पावती, प्रत्येकाचा कागद. बाकीचा संग्रह म्हणजे वह्या. संध्याकाळी अल रय्यानमधल्या घरी बसून ते लिलावांच्या यादीतले फोटो बघत, प्रत्येक नाण्याचा राजा, छाप, टाकसाळ्या आणि गाव ओळखत, विक्रेत्याने चुकीचं लिहिलं असेल तर त्याला सभ्य भाषेत पत्र पाठवत. किती विक्रेत्यांनी त्यांना ब्लॉक केलं होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

ती नऊ नाणी काकूंच्या मिसळणाच्या डब्यात राहत. सात वाट्या, प्रत्येकीत एक छाप, आणि दोन वाट्यांत जोडीने. बुटांच्या खोक्यात ओल शोषायला ज्या पुड्या येतात त्या ते ऑफिसभर मागत फिरत आणि डब्यात ठेवत, कारण दोह्याच्या दमट हवेवर त्यांचा विश्वास नव्हता.

"आवं, डबा माझ्या आईनं दिलाय," काकू म्हणायच्या. "त्यात मोहरी ठेवू का तुमचा राजा?"

"राजा ठेव. मोहरी बरणीत पण ऱ्हाती."

काकूंनी मोहरी बरणीत ठेवली, पण सूड घेतला. त्यांनी राजांची नावं वाट्यांवरून पाडली. पाहुण्यांसमोर त्या सरळ विचारत, "जिऱ्यातला दाखवू का हळदीतला?" आणि कहर म्हणजे काकाही हळूहळू तसंच म्हणायला लागले. एकदा इंग्लंडच्या एका अभ्यासकाशी फोनवर बोलताना ते 'माझा धन्यातला' असं म्हणून गेले आणि मग पाच मिनिटं सावरत बसले.

ऑफिसात आमच्याकडे धातू ओळखायची एक बंदूक आहे. वस्तूला टेकवून घोडा दाबला की कोणता धातू किती ते पडद्यावर येतं. कोणीही म्हणेल की नाणी तिने तपासावीत. काकांनी कधी केलं नाही. ऑफिसची वस्तू घरकामाला वापरायची नाही हा त्यांचा नेम. काकूंनी एकदा पाटल्या तपासून आणा म्हणून हट्ट धरला तेव्हा त्यांनी त्या सोनाराकडे नेल्या. "आन् चांदीचं म्हणशील," ते मला म्हणाले, "तर चोर पण चांदीच वापरतोय. धातूवरनं माणूस कळत न्हाई."

एका गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळींनी त्यांना दहा मिनिटं बोलायला सांगितलं. पत्रिकेत छापलं होतं, 'नाणी आणि गुंतवणूक'. हॉल भरला. सगळ्यांना सोनं कधी घ्यावं हे ऐकायचं होतं. काकांनी पाऊण तास एथेलरेडच्या केसांवर घालवला. कोणत्या गावच्या साच्यात केस किती उभे, कुठे जरा बसलेले. मागच्या रांगा जेवणाच्या वासाने उठल्या. शेवटी एका पुणेकर बाईंनी विचारलं, "इंग्लंडच्याच एका जुन्या राजाने अरबी दिनारासारखं सोन्याचं नाणं पाडलं होतं ना? मग तुम्ही कतारमध्ये राहून ते का नाही अभ्यासत?"

हा प्रश्न त्यांना प्रत्येक माणूस विचारतो आणि प्रत्येक वेळी त्यांची शीर उठते. "ती नक्कल हाय, ताई," ते म्हणाले. "नक्कल करतो त्याला आमच्या तासगावात झेरॉक्सवाला म्हणत्यात."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. मग वुल्फनाथ आला.

तो आला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, मोडक्या नाण्यांच्या ढिगातून. छाप ओळखीचा, राजा तोच, केस उभे. पण मागची अक्षरं लावल्यावर काका खुर्चीतून उठले. टाकसाळ्याचं नाव वुल्फनोथ. गाव इंग्लंडच्या दक्षिणेतलं, आपल्या कवठेमहांकाळाएवढं. आणि त्या गावच्या छापील यादीत या नावाचा टाकसाळ्याच नव्हता. म्हणजे हजार वर्षांत या माणसाची कोणी नोंदच केली नव्हती.

काकांनी त्याचं वुल्फनाथ केलं. "नोथ म्हणजे नाथच की," असं त्यांचं म्हणणं. आठवड्याभरात त्यांनी त्याला घरदार दिलं. तो डावखुरा होता, कारण फुली जरा कलली होती. घाईत होता, कारण शेवटचं अक्षर दाटीवाटीने बसवलं होतं. "सण तोंडावर आला असंल," काका म्हणाले. "बायको म्हणाली असंल, लवकर या." काकूंनी त्याला मधली, मिठाची वाटी रिकामी करून दिली. एकट्याची.

त्यांनी इंग्लंडच्या एका नाणेअभ्यासक मंडळाला पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं की फोटोवरून गोष्ट महत्त्वाची दिसते. वजन, मापं आणि तपासणीचा तपशील पाठवा, आम्ही तुमच्या नावाने टिपण छापू.

ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं आणि 'तुमच्या नावाने' इथे थांबले.

मला त्याचं कारण माहीत होतं आणि ते मला फारसं सुखाचं नव्हतं. काकांनी आयुष्यभर सह्या केल्या, हजारो रिपोर्टांवर. पण तपासणीचे कागद आमच्याकडे ठराविक वर्षंच ठेवतात. मुदत संपली की श्रेडरमध्ये जातात, आणि ते घालणारी मीच. वर्षातून एकदा मी दोन दिवस उभी राहून काकांच्या सह्यांच्या शेवया करते. ते येता-जाता बघत, काही बोलत नसत. त्या दिवशी मात्र बोलले.

"चार महिन्यांत मी रिटायर. मागं एक ओळ तरी ऱ्हाईल, सूनबाई. वुल्फनाथाची, आन् खाली बारक्या अक्षरात माझी."

मला खूप बरं वाटलं. मी त्यांना म्हटलंही तसं.

मग त्यांचा नेम आडवा आला. आमच्या धंद्यात आपलं काम आपण तपासायचं नसतं. ज्याने केलं त्याने नाही, तिसऱ्याने बघायचं. काकांनी नाणं ओळखलं, म्हणून काका ते तपासू शकत नाहीत. त्यांनी तपासणीच्या विनंतीचा फॉर्म स्वतः भरला, पिशवीतलं नाणं आणि फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला.

"मला यातलं काय कळतंय?" मी म्हटलं.

"म्हणूनच. तुझं त्याच्यावर प्रेम न्हाई."

फॉर्मवर पहिलाच रकाना होता: सोबतचे कागद. मी विचारलं, "काका, याची पावती कुठाय?" ते छताकडे बघू लागले. नव्हती. उभ्या आयुष्यात या माणसाने कागदाशिवाय घेतलेली ही एकच वस्तू. नाव वाचलं आणि भान राहिलं नाही, असं ते पुटपुटले. मी तिथे 'नाही' लिहिलं.

संध्याकाळी अल नस्रमधल्या माझ्या घरी कुकर लावून मी नाण्याचा फोटो काढला आणि फोनला म्हटलं, असलंच आणखी कुठे आहे का शोध. कागद माझ्या हातात आला की मी आधी त्याची दुसरी प्रत शोधते. ही माझी सवय. काकांनी हे कधी केलं नव्हतं. ते विद्वानांच्या याद्या बघत, फोनला विचारणं त्यांच्या हिशोबी तपासणीत बसत नव्हतं.

तीन शिट्ट्या व्हायच्या आत वुल्फनाथ सापडला. तो एका काळ्या दोरीला लटकत होता. 'योद्ध्याचं पेंडंट', खाली रंग निवडायची सोय.

मी गॅस बंद केला आणि भिंग नसल्यामुळे नवऱ्याचा वाचायचा चष्मा घेऊन बसले. एका साच्यातून शंभर नाणी निघतात, ती सारखी असणारच, एवढं काकांकडून मी शिकले होते. पण काकांच्या नाण्याच्या कडेला डाव्या अंगाला एक टवका उडालेला होता, राजाच्या हनुवटीखाली एक ठेच होती, आणि फुलीच्या एका हातावर बारीक सुरकुती. पेंडंटवर तोच टवका. तीच ठेच. तीच सुरकुती. आमच्याकडे एकदा दोन वेगळ्या कारखान्यांची सर्टिफिकेटं आली होती आणि दोन्हींवर सहीच्या बाजूला चहाचा एकच डाग होता. तेव्हा काकांनीच मला सांगितलं होतं, सही सारखी असू शकते, डाग सारखा असू शकत नाही. डाग सारखा म्हणजे एकावरून दुसरं काढलंय. काकांचा वुल्फनाथ पाडलेला नव्हता, ओतलेला होता.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "सांगू नकोस गं. साठीचा माणूस, एवढी एक हौस. त्या इंग्रजांना कळलं तर कळलं."

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटलं नाही. मी तीन दिवस फॉर्म पर्समध्ये घेऊन फिरले. काका रोज येऊन विचारत नसत, कारण तिसऱ्या माणसावर दबाव आणायचा नसतो. फक्त माझ्या टेबलावरून नेहमीपेक्षा जास्त वेळा पाणी प्यायला जात. मला वाटलं, 'पास' लिहावं. मला यातलं कळत नाही हे त्यांनाही माहीत होतं, कोणी मला बोल लावला नसता. पण त्यांना सहा वर्षं बघून माझा हात तसा वळेना. त्यांचा मला रागच आला. माणसाने इतरांना इतकं शिकवू नये.

चौथ्या दिवशी मी करक चहाचे दोन ग्लास घेऊन गेले आणि फोन त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी भिंग लावलं. आधी टवका बघितला, मग ठेच, मग सुरकुती, मग परत टवका. चहावर साय धरली.

"फॉर्म," ते म्हणाले.

मी दिला. त्यांनी वाचला आणि परत केला. "निकाल लिहिला न्हाईस."

"तुम्हीच लिहा ना काका."

"मी कसा लिहीन? तपासलं कुणी?"

मी 'नापास' लिहिलं. त्यांनी खाली बोट ठेवलं. मी नुसती सही ठोकली होती, तर म्हणाले, "पूर्ण नाव. वाचता येईल असं." मी पूर्ण नाव लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यामुळे अक्षर लहान-मोठं आलं, पण वाचता येत होतं. मग त्यांनी खिशातून लाल रंगाचा मार्कर काढला आणि नापास पाइपावर मारतात तसा एक ठिपका राजाच्या नाकावर मारला, म्हणजे चुकूनही पुन्हा कोणाच्या हाती ते खरं म्हणून जायला नको.

त्याच दुपारी त्यांनी इंग्लंडला कळवलं. 'माझं नाणं खोटं आहे, तपासणीचा रिपोर्ट जोडला आहे, माझं टिपण कृपया छापू नये.' तीन ओळी. मला वाचून दाखवल्या, नेहमीच्या आवाजात. फक्त जाताना म्हणाले, "वुल्फनाथ जन्मलाच न्हवता म्हणायचा. बिचाऱ्याला उगीच एवढी घाई करायला लावली मी."

काकूंनी मिठाची वाटी पुन्हा भरली नाही. काका रिटायर होईपर्यंत ती तशीच होती असं त्यांनी मला सांगितलं. निरोपाच्या दिवशी वर्कशॉपने केक आणला, वेल्डरने भाषण केलं, त्यात हात आले. काका हसले, सगळ्यांना शुक्रन म्हणाले आणि तासगावला गेले.

मी मात्र अडकले होते. कागद सांभाळणाऱ्या बाईला प्रत दिसली की मूळ कुठे आहे हा प्रश्न सोडत नाही. पेंडंट ओतलं म्हणजे कशावरून तरी ओतलं. तो टवका कुणाचा? मी पेंडंट विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. चौथ्या पत्राला एका बाईंचं उत्तर आलं. इंग्लंडमध्ये त्या घरच्या घरी दागिने करतात. त्यांच्या वडिलांना पुष्कळ वर्षांपूर्वी स्वतःच्या शेतात एक नाणं मिळालं होतं, त्याचा साचा काढून त्या पेंडंट ओततात. दोरीशिवाय सुटीही विकतात, पुढे कोणी ती जुनी म्हणून खपवतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. वडिलांचं नाणं? ते आहे की, स्वयंपाकघराच्या खणात, वडिलांच्या चिठ्ठीसकट. कुणा जाणकाराला दाखवायचं राहूनच गेलं.

मी तासगावला फोन लावला. सगळं सांगितलं.

"तिला म्हणावं पुसू नकोस," काका म्हणाले. "काय लावून पण पुसू नकोस. आन् वजन कर. नुसत्या किलोच्या काट्यावर न्हाई."

मग महिनाभर ते तिकडून सांगत, मी इकडून लिहीत आणि ती बाई तिकडे मोजत. माझ्या शंका काका कधीच सरळ सोडवत नसत. "तुला काय दिसतंय ते लिही," एवढंच म्हणत. सगळं त्या मंडळाकडे गेलं, मंडळाने नाणं प्रत्यक्ष मागवून बघितलं आणि ते खरं निघालं. टाकसाळ्या वुल्फनोथ, गाव तेच. मला वाटलं, चला, एकदाची काकांची ओळ छापून येणार.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये इंग्लंडहून एक पातळ अंक आला. यादीत वुल्फनोथ होता. शेतकऱ्याचं नाव होतं, त्याच्या मुलीचं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तपासणी व ओळख', आणि पुढे माझं नाव, दोहा. मी अंक उलटून मागचं पान बघितलं, काकांचं नाव कुठेच नव्हतं. मंडळाला तसं कोणी कळवलं हे विचारायची गरज नव्हती.

मी तिथेच फोन लावला. भांडायलाच लावला होता. पण ते म्हणाले, "आधी वाच." मी वाचलं. म्हणाले, स्पीकरवर टाकतो, परत वाच. पुन्हा वाचलं, वुल्फनाथापासून दोह्यापर्यंत. मागून काकूंचा आवाज आला.

"आन् तुमचं वो?"

"माझं कसं येईल?" काका त्यांना म्हणाले. "मी खोटं पास केलं हुतं."

मग मला म्हणाले, "वाच गं सूनबाई, अजून एकदा. सावकाश."